टायटॅनिकच्या मृतांची स्मारकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, खारघर या पट्ट्यात ज्यांच्याकडे कुणीच बोटीवर नाही अशी सोसायटी शोधून सापडणार नाही. करावेला टी. एस. चाणक्य ही व्यापारी नौदलाचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे, आजूबाजूला मर्चंट नेव्हीचं शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत आणि महिनोन्‌महिने ‘साइन ऑफ’ (बोटीवरची मुदत संपवून घरी परतणं) कधी होणार याच हिशेबात जगणारी घरं आहेत. माझे वडील इंजिन रूममध्ये होते, धाकटा भाऊ आजही आहे. नेरूळच्या एका वाचनालयात मी एप्रिल महिन्यात टायटॅनिकच्या स्मारकांवर बोलते, तेव्हा लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथं उत्तरांसह एकत्र केले आहेत. जहाज कसं बुडालं यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. मेलेल्यांची आठवण कुणी, कुठं आणि कशी जपली यावर फार थोडं आहे, म्हणून हे पान.

टायटॅनिकचं मुख्य स्मारक कुठं आहे?

असं एकच मुख्य स्मारक नाही. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी जहाज उत्तर अटलांटिकमध्ये बुडालं आणि सुमारे १,५०० माणसं गेली. ती कुठल्या एका गावची नव्हती. जहाज बांधलं बेलफास्टमध्ये, कंपनीचं ऑफिस लिव्हरपूलला, खलाशी बहुतेक साउथॅम्प्टनचे, प्रवासी इंग्लंड, आयर्लंड, स्वीडन, फिनलंड, सीरिया-लेबनॉन आणि अमेरिकेचे. प्रेतं आणली कॅनडात. त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या माणसांसाठी दगड उभा केला. इंजिनिअरांचं वेगळं, वादकांचं वेगळं, टपाल कर्मचाऱ्यांचं वेगळं, कप्तानाचं वेगळं.

ही स्मारकं बघताना मी एकच गोष्ट आधी पाहते: दगडावर नावं कुणाची आहेत आणि कुणाची नाहीत. पुढची बहुतेक उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतील.

मृतांचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा का दिसतो?

प्रवाशांच्या याद्या अचूक नव्हत्या. काहींनी तिकीट काढून ऐनवेळी प्रवास रद्द केला, काही दुसऱ्याच्या नावावर चढले, परदेशी नावं कारकुनांनी वाटेल तशी लिहिली. म्हणून १,४९० पासून १,५१७ पर्यंतचे आकडे वाचायला मिळतात. वाचलेले सातशेच्या थोडे वर.

प्रेतं सापडली का? त्यांना कुठं पुरलं?

सगळी मिळून ३३७ प्रेतं हाती लागली. बाकीची समुद्रातच राहिली. व्हाइट स्टार लाइन कंपनीने कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरातून समुद्राखालच्या तारा टाकणारं ‘मॅके-बेनेट’ हे जहाज भाड्याने घेतलं आणि त्यावर शवपेट्या, बर्फ आणि प्रेतं टिकवण्याची सामग्री चढवून पाठवलं. या एकाच जहाजाला ३०६ प्रेतं सापडली. सामान पुरेना, म्हणून त्यातली ११६ तिथंच प्रार्थना म्हणून पुन्हा समुद्रात सोडली.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. समुद्रात सोडलेल्यांमध्ये बहुतेक जण तिसऱ्या वर्गाचे प्रवासी आणि जहाजावरचे कामगार होते. पहिल्या वर्गातल्यांना शवपेटी मिळाली, दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाला कॅनव्हासची गुंडाळी. माणूस मेल्यावरही त्याचं तिकीट तपासलं गेलं, आणि हे वाचताना मला दर वेळी राग येतो.

हॅलिफॅक्समध्ये १५० जणांना पुरलं आहे: फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीत १२१, कॅथलिकांच्या माउंट ऑलिव्हेटमध्ये १९ आणि ज्यूंच्या बॅरन दे हर्श दफनभूमीत १०. ५९ प्रेतं नातेवाइकांनी गावी नेली. फेअरव्ह्यूमध्ये करड्या ग्रॅनाइटचे छोटे, एकसारखे दगड वळणदार रांगांमध्ये लावलेले आहेत. खर्च कंपनीने केला. प्रत्येक दगडावर तारीख एकच, १५ एप्रिल १९१२, आणि एक क्रमांक. प्रेत पाण्यातून ज्या क्रमाने वर काढलं तो हा क्रमांक. ओळख पटली असेल तर वर नाव, नसेल तर फक्त क्रमांक. ज्या घरांना पैसे घालणं जमलं त्यांनी नंतर मोठा दगड लावला किंवा चार ओळी कोरून घेतल्या.

क्रमांकाची ही पद्धत मात्र मोलाची ठरली. प्रत्येक प्रेताजवळच्या वस्तू त्याच क्रमांकाच्या कापडी पिशवीत ठेवल्या, केसांचा रंग, अंगावरचं गोंदण, कपड्यांवरची अक्षरं असं सगळं वहीत टिपलं. पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा भीषण स्फोट झाला तेव्हा मृतांची ओळख पटवायला हीच पद्धत पुन्हा वापरली. आणि या वहीतल्या नोंदींमुळेच कित्येक ‘अज्ञात’ दगडांवर पुढे नाव चढलं.

‘अज्ञात बालक’ या थडग्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. मॅके-बेनेटला सापडलेलं चौथं प्रेत एका लहानग्याचं होतं, वय दोन वर्षांच्या आत. कुणी ओळखायला आलं नाही. तेव्हा ज्यांनी त्याला पाण्यातून काढलं त्या खलाशांनीच खर्च उचलला, त्याच्या अंत्ययात्रेला गेले आणि दगड लावला. त्या दगडावर ‘अज्ञात बालक’ एवढंच होतं आणि जवळजवळ शंभर वर्षं तसंच राहिलं.

२००२ मध्ये तपासणीवरून ते फिनलंडच्या पानुला कुटुंबातलं १३ महिन्यांचं बाळ असल्याचं जाहीर झालं. पण संशोधकांचं समाधान होईना. कारण होती एक बुटांची जोडी. प्रेतांचे कपडे कुणी आठवण म्हणून पळवू नयेत यासाठी जाळून टाकले जात होते. त्या कामावर असलेल्या हॅलिफॅक्सच्या एका पोलीस सार्जंटला हे छोटे बूट जाळणं काही जमलं नाही. त्याने ते टेबलाच्या खणात ठेवून दिले. त्याच्या नातवाने ते पुढे तिथल्या सागरी संग्रहालयाला दिले. तपकिरी चामड्याचे, हाताच्या तळव्यावर मावतील एवढे ते बूट १३ महिन्यांच्या बाळाला मोठे होत होते. मग डीएनएची चाचणी नव्याने केली आणि नाव निघालं: सिडनी लेस्ली गुडविन, वय १९ महिने, इंग्लंडचा. आईवडील आणि सहा मुलं, आठच्या आठ जण तिसऱ्या वर्गाने निघाले होते. एकही वाचला नाही. बाकी सात जणांपैकी कुणाचंही प्रेत ओळखता आलेलं नाही.

मूळ दगड तसाच ठेवून त्याच्याजवळ आता सिडनीचं नाव लावलं आहे. आजही लोक तिथं खेळणी ठेवतात.

फेअरव्ह्यूमध्ये ‘जे. डॉसन’ नावाचं थडगं आहे. तो सिनेमातला जॅक का?

नाही. २२७ क्रमांकाच्या दगडाखालचा जोसेफ डॉसन डब्लिनचा होता आणि जहाजावर कोळसा वाहण्याचं काम करत होता. सिनेमा आल्यापासून लोक त्याच्यावर फुलं वाहतात. वाहू देत, हरकत काय! भट्टीपाशी कोळशाच्या धुळीत राबणाऱ्या माणसाला त्या निमित्ताने फुलं मिळतात.

इंजिनिअरांचं स्वतंत्र स्मारक आहे असं ऐकलंय. घरात मरीन इंजिनिअर आहे, म्हणून विचारते.

हा प्रश्न नव्या मुंबईत सगळ्यांत जास्त येतो आणि त्याचं उत्तर द्यायला मला सगळ्यांत जास्त आवडतं.

जहाजावर इंजिनिअर, इलेक्ट्रिशियन, बॉयलरमेकर असे ३५ जण होते. त्यातला एकही वाचला नाही. जहाज बुडायच्या अगदी शेवटच्या काही मिनिटांपर्यंत दिवे जळत राहिले, पंप चालू राहिले, वायरलेसला वीज मिळत राहिली, ती या माणसांमुळे. वर डेकवर होड्या उतरवायला जो उजेड होता तो खालून येत होता. ज्यांनी जनरेटर बंद पडू नये म्हणून हातपाय मारलेत त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

साउथॅम्प्टनच्या बागेत या इंजिनिअरांचं मोठं स्मारक आहे. २२ एप्रिल १९१४ रोजी ते खुलं झालं तेव्हा सुमारे एक लाख माणसं जमली होती असं सांगतात. मधे पंख असलेली ब्राँझची देवता आणि दोन्ही बाजूंना कामात असलेले इंजिनिअर असं ते शिल्प आहे. आपल्या जागेवरून ते हलले नाहीत, अशा अर्थाची ओळ खाली कोरली आहे.

दुसरं लिव्हरपूलला, धक्क्यावर. हे मला साउथॅम्प्टनच्या स्मारकापेक्षाही मोठं वाटतं. ग्रॅनाइटचा उंच स्तंभ, शिल्पकार विल्यम गॉस्कोम जॉन. सुरुवातीला तो फक्त टायटॅनिकच्या इंजिनिअरांसाठी होता. पण काम चालू असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं, बोटी बुडू लागल्या आणि त्यांच्याही इंजिन रूममधली माणसं मरू लागली. १९१६ मध्ये तो उभा राहिला तेव्हा समुद्रावर कर्तव्य करताना गेलेल्या इंजिन रूमच्या सगळ्याच माणसांना अर्पण केला गेला. त्यावर नुसते हुद्देवाले इंजिनिअर नाहीत. उघड्या अंगाचे, आगीसमोर राबणारे आगवालेही आहेत. राजे आणि सेनापती यांचेच पुतळे बसवायच्या त्या काळात कोळसा मारणाऱ्या माणसाला ग्रॅनाइटमध्ये घडवणं ही साधी गोष्ट नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बच्या तुकड्यांचे ओरखडेही त्या दगडावर आहेत.

आणि बाकीचे कामगार? वेटर, खलाशी, आगवाले?

त्यांचं स्मारकही साउथॅम्प्टनलाच आहे आणि ते असायलाच हवं होतं. त्या एका शहरातली सुमारे साडेपाचशे माणसं या जहाजाबरोबर बुडाली. कोळसा कामगारांच्या संपामुळे शहरात बेकारी होती, म्हणून नोकरी मिळाल्याचा आनंद घेऊन लोक चढले होते. जहाज बुडालं त्या क्षणी त्यांचा पगारही थांबला, कारण नियमाप्रमाणे जहाज संपलं की नोकरी संपली. गल्लीच्या गल्ल्या विधवांच्या झाल्या.

नातेवाइकांनी आणि मित्रांनी पैसे जमवून १९१५ मध्ये पाण्याचं एक कारंजं बांधलं. ते आधी गावाबाहेरच्या माळावर होतं. तिथं त्याची मोडतोड होऊ लागली म्हणून १९७२ मध्ये होलीरूड चर्चच्या अवशेषांमध्ये हलवलं. हे चर्च १९४० च्या बॉम्बहल्ल्यात पडलं होतं आणि आता ते पडक्या स्थितीतच व्यापारी नौदलाच्या माणसांचं स्मारक म्हणून जपलं आहे. साउथॅम्प्टनला बोट लागली आणि दोन तास शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची सुट्टी, मिळाली, तर बंदरापासून चालत जाता येईल अशी ही जागा आहे. माझ्या भावाला मी हेच सांगितलं होतं आणि तो जाऊन आला.

सगळ्या मृतांची नावं एकाच ठिकाणी कुठं आहेत?

बेलफास्टला, आणि तीसुद्धा १०० वर्षांनंतर.

बेलफास्टच्या सिटी हॉलजवळ सर टॉमस ब्रॉक यांनी घडवलेलं संगमरवरी शिल्प आहे. ते १९२० मध्ये खुलं झालं. वर एक स्त्री उभी, हातात पुष्पचक्र, पायाशी लाटांमधून एका बुडालेल्याला वर उचलून धरणाऱ्या दोन जलकन्या. आधी ते भर रस्त्यात होतं, रहदारीला अडथळा होतो म्हणून १९५९ मध्ये सिटी हॉलच्या आवारात आणलं. त्यावर २२ नावं आहेत. सगळी बेलफास्टच्या माणसांची आणि लावलेली हुद्द्याच्या क्रमाने. जहाजाचे आराखडे करणारे टॉमस अँड्र्यूज आणि त्यांच्याबरोबर गेलेले कारखान्याचे आठ कारागीर त्यात येतात. पहिल्या सफरीत काही बिघडलं तर दुरुस्त करायला हे नऊ जण निघाले होते. एकही परतला नाही.

१५ एप्रिल २०१२ रोजी याच शिल्पाशेजारी एक बाग खुली झाली आणि तिथं ब्राँझच्या पट्ट्यांवर १,५१२ नावं लावली. या वेळी क्रम आडनावाच्या अक्षरांचा. अब्जाधीश, स्वयंपाकी, तान्हं बाळ, कप्तान, सगळे एका रांगेत. प्रवासी आणि कामगार असा भेद नाही, वर्ग नाही, हुद्दा नाही. ज्या शहराने जहाज बांधलं त्या शहराला हे करायला एक शतक लागलं, कारण कित्येक वर्षं बेलफास्टला या जहाजाचं नाव काढणंही जड जायचं. उशिरा का होईना, त्यांनी ते केलं. माझ्या मते जगातलं सगळ्यांत न्याय्य टायटॅनिक स्मारक हेच.

शेवटपर्यंत वाजवत राहिलेल्या वादकांचं काय?

आठही वादक गेले. प्रमुख वॉलेस हार्टली हा लँकाशायरमधल्या कोल्न गावचा. त्याचं प्रेत सापडलं, गावी आणलं, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा हजारो माणसं उभी होती. तिथं त्याचा अर्धपुतळा आहे आणि थडग्यावर व्हायोलिन कोरलं आहे.

पण मला यातलं सगळ्यांत विलक्षण स्मारक ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलचं वाटतं. खाणकामगारांचं गाव, चहूकडे वाळवंट, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. त्या गावातल्या एकाचाही टायटॅनिकशी संबंध नव्हता. पण गावात बँड होते, आणि कामावर असताना गेलेल्या वादकांचं दुःख बँडवाल्यांनाच कळणार. त्यांनी १९१३ मध्ये बागेत अर्धवट तुटलेला खांब उभा केला. आयुष्य मधेच तुटलं हे दाखवायची युरोपातली ती जुनी रीत आहे.

अमेरिकेत काय आहे?

वॉशिंग्टनमध्ये हात पसरून उभ्या असलेल्या पुरुषाचा ग्रॅनाइटचा पुतळा आहे, शिल्पकार गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी. स्त्रियांनी एकेक डॉलरची वर्गणी काढून तो उभारला आणि १९३१ मध्ये तो खुला झाला. बायका-मुलं वाचावीत म्हणून प्राण दिलेल्या पुरुषांना तो अर्पण आहे. भावना खरी आहे, मी ती कमी लेखत नाही. मात्र सोबत हेही मुलांना सांगा, की पहिल्या वर्गातल्या १४४ स्त्रियांपैकी ४ गेल्या आणि तिसऱ्या वर्गातल्या १६५ पैकी ८९. तिसऱ्या वर्गाच्या ७९ मुलांपैकी ५२ मुलं गेली.

न्यूयॉर्कमध्ये टायटॅनिकच्या आठवणीसाठी एक दीपगृहच आहे. १९१३ मध्ये ते खलाशांच्या वसतिगृहाच्या गच्चीवर बांधलं. त्याच्या टोकावरचा गोळा दुपारी बाराला खाली घसरायचा आणि बंदरातली जहाजं त्यावरून आपली घड्याळं लावायची. स्मारक रोज कामाला येत होतं, ही कल्पना मला फार आवडते. आता ते साउथ स्ट्रीट सीपोर्टच्या तोंडाशी आहे. नवऱ्याला सोडून होडीत बसायला नकार देणाऱ्या आयडा स्ट्रॉस आणि त्यांचे पती इझिडोर यांच्या नावाची बागही त्याच शहरात आहे. हार्वर्डचं वाइडनर ग्रंथालय म्हणजे एका आईने बुडालेल्या मुलासाठी बांधलेलं स्मारक.

एखाद्या छोट्या गावाने केलेलं स्मारक?

आयर्लंडच्या मेयो परगण्यातलं लाहार्डेन. त्या एका पॅरिशमधून (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांमधून) १४ जण अमेरिकेला निघाले. ११ गेले, ३ वाचले. दर वर्षी १५ एप्रिलच्या पहाटे, जहाज बुडालं त्याच वेळी, गावातले लोक चर्चपाशी जमून घंटा वाजवतात. गेलेल्यांसाठी संथ, वाचलेल्यांसाठी जलद. ज्यांना कोकणातलं एखादं गाव आणि तिथून मुंबईला गेलेली पोरं ठाऊक आहेत त्यांना हे लगेच समजेल.

टायटॅनिकचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे. ॲनी फंक नावाची अमेरिकन मिशनरी बाई आजच्या छत्तीसगडमधल्या जांजगीरला मुलींची शाळा चालवत होती. आई आजारी असल्याची तार आली म्हणून ती मुंबईला आली आणि ‘पर्शिया’ बोटीने युरोपला निघाली. इंग्लंडमध्ये कोळशाच्या संपामुळे तिची ठरलेली बोट रद्द झाली आणि तिला टायटॅनिकचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट मिळालं. १२ एप्रिलला जहाजावरच तिचा ३८ वा वाढदिवस झाला. ती वाचली नाही. जांजगीरच्या शाळेला पुढे तिचं नाव दिलं गेलं. जिने तिला मुंबईहून नेलं ती पर्शिया बोटही १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवली, मुंबईकडे येत असताना, आणि तीनशेहून अधिक माणसं घेऊन गेली.

गुंटूरमध्ये जन्मलेली बारा वर्षांची रूथ बेकर मात्र वाचली, तिची आई आणि दोन्ही भावंडंही. १९९० मध्ये तिचं निधन झालं आणि १९९४ मध्ये तिच्या अस्थी टायटॅनिक बुडालं तिथंच समुद्रात सोडल्या.

जहाज बुडालं त्या जागी काही स्मारक आहे?

जहाजाचे अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोल आहेत, १९८५ मध्ये सापडले. पुढच्या वर्षी ते शोधणाऱ्यांपैकी रॉबर्ट बॅलार्ड स्वतः खाली गेले तेव्हा मागच्या भागावर मृतांच्या स्मरणाची एक पाटी ठेवून आले. अपघातानंतर हिमनगांवर नजर ठेवायला आंतरराष्ट्रीय गस्त सुरू झाली. ती आजही चालते आणि एप्रिलमध्ये तिथं समुद्रात पुष्पचक्रं सोडते.

वस्तू वर काढाव्यात की नाही यावर वाद आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये त्या जागेच्या संरक्षणाचा करार आहे, तो २०१९ मध्ये लागू झाला. माझं मत विचाराल तर समुद्रतळावर विखुरलेल्या वस्तू संग्रहालयात जपाव्यात, पण जहाज कापून आत शिरू नये. ती स्मशानभूमी आहे.

स्मारकं दगडाचीच असतात का? नियमांमध्ये काय बदललं?

टायटॅनिकवर २० होड्या होत्या, त्यांत १,१७८ माणसं मावत होती. जहाजावर होती सुमारे २,२००. तेव्हाच्या कायद्याने एवढ्या होड्या पुरेशा होत्या! १९१४ मध्ये देशांनी मिळून समुद्रावर माणसांचे जीव वाचवण्यासाठीचा पहिला ‘सोलास’ करार केला: प्रत्येकाला होडीत जागा, चोवीस तास रेडिओवर कान. आज कॅडेट मुलं परीक्षेसाठी सोलासची कलमं घोकतात, त्यांना ती कंटाळवाणी वाटतात. त्यांना मी सांगते, प्रत्येक कलमाच्या मागे कुणाचं तरी नाव आहे, ते शोधा.

आपल्याकडच्या बुडालेल्या बोटींची स्मारकं कुठं आहेत?

दीवला ‘आयएनएस खुकरी’चं आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने ही युद्धनौका बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. समुद्रासमोरच्या टेकाडावर काचेत जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे.

जवळ म्हणाल तर भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ हे दारूगोळा आणि कापूस भरलेलं जहाज फुटलं. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्यासाठी देशभर याच तारखेपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. ठाणे किंवा वाशीच्या अग्निशमन केंद्रात त्या आठवड्यात मुलांना घेऊन जा आणि हे सांगा. मस्जिद बंदरच्या खलाशी वसतिगृहात दोन महायुद्धांत गेलेल्या भारतीय खलाशांचं स्मारक आहे. परदेशी कंपन्यांच्या बोटींवर आगवाले आणि सारंग (खलाशांचे मुकादम) म्हणून राबलेली माणसं ती. त्यांत रत्नागिरीकडचेही कितीतरी.

आणि ‘रामदास’?

मी हे पान लिहायला घेतलं त्यात रामदासचा वाटा मोठा आहे.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. ‘रामदास’ ही बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. गटारी अमावास्या, घरी जायची घाई, बोटीत गर्दी. काशाच्या खडकाजवळ वादळात तिला लाटेने कलंडवलं. लोक एका बाजूला धावले आणि ती काही मिनिटांत उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून कितीतरी जणांना वाचवलं. मुंबईत बातमी कळायला दुपार-संध्याकाळ झाली. अलिबाग, पेण, रोहा या भागातल्या गावागावांत त्या दिवशी चुली पेटल्या नसतील.

आज नव्या मुंबईत आणि ठाण्यात राहणाऱ्या किती घरांची मुळं याच गावांत आहेत! माझ्या व्याख्यानानंतर जवळजवळ दर वेळी कुणीतरी उठून सांगतं की आमचे आजोबा रामदासवर होते, आमच्या आत्याचं लग्न त्यामुळे मोडलं, आमच्या गल्लीतले तिघे गेले. पण त्या सगळ्यांची नावं बेलफास्टसारखी एका जागी कोरलेली मी कुठं पाहिलेली नाहीत. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला नारळ सोडतात तेव्हा समुद्रात गेलेल्यांची आठवण मनात असतेच. ती दगडावरही असावी, नावानिशी असावी, असं मला मनापासून वाटतं. हॅलिफॅक्सच्या खलाशांनी एका परक्या बाळासाठी वर्गणी काढली. सहाशे आपल्या माणसांसाठी आपण काढू शकणार नाही का?

मग आम्ही काय करू शकतो?

घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर या सुट्टीतच त्यांच्याजवळ बसा. रामदासवर गेलेल्या माणसाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, अंदाजे वय, कामधंदा आणि मागे कोण राहिलं एवढं विचारा. फोनवर आवाज मुद्रित करून ठेवा, कारण लिहिताना माणूस बरंच गाळतो. जुनं पत्र, रेशनकार्ड, देवघरामागचा फोटो असं काही असेल तर त्याचा फोटो काढा, मूळ वस्तू घरीच ठेवा. एकच नाव दोन घरांतून वेगवेगळ्या वयाने आलं तर दोन्ही नोंदी ठेवा, हॅलिफॅक्सच्या वहीत असेच तपशील पुढे उपयोगी पडले. पेण-अलिबागकडच्या ग्रामपंचायतीत जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या असतील तर जुलै १९४७ ची पानं पाहायची परवानगी मागा. मग ही माहिती आपल्या जवळच्या वाचनालयात लेखी द्या आणि नोंद करून पोच घ्या. दोन ओळी असल्या तरी चालतील. नाव, गाव आणि सांगणाऱ्याचं त्या माणसाशी नातं, एवढं मात्र त्यात हवंच.